गुरुवारची सुट्टी आणि माझी चिप

बऱ्याच दिवसांनी शनिवारी सकाळी घरी आहे. गेले दोन महिने शनिवार म्हणजे चाकण, रविवार म्हणजे चाकणहून आल्यावरची झोप. आज पोहे खाल्ले, चहा दोनदा झाला, आई म्हणाली, "आज चक्क घरात दिसतोयस." म्हटलं, चला, डोक्यात साठलंय ते एकदाचं लिहून काढावं.

विषय थोडा टेक्निकल आहे. पण पळून जाऊ नका, यात गिअरची भट्टी आहे, एमआयडीसीची गुरुवारची सुट्टी आहे आणि माझ्या हातून झालेली एक चूकही आहे. चूक सगळ्यात शेवटी सांगावी असं मनात होतं, पण तिच्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही.

आधी माझ्या कामाबद्दल. डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची, नोकरी आयटीतली, आणि काम या दोन्हीच्या मधलं कुठलंतरी. आमची टीम इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या तपासायच्या यंत्रातलं एक कार्ड बनवते. कार्डावर एक एफपीजीए असतो. एफपीजीए म्हणजे काय? साधा प्रोसेसर म्हणजे आचारी, तुम्ही रेसिपी द्या, तो एकेक पायरी करत जाणार. एफपीजीए म्हणजे रिकामं स्वयंपाकघर. ओटा कुठे, शेगडी कुठे, किती शेगड्या, हे सगळं तुम्हीच ठरवायचं, आणि मग सोळा शेगड्या एकाच वेळी पेटवायच्या. १९८५ साली झायलिंक्सनं पहिला एफपीजीए आणला तेव्हा त्यात लॉजिकचे ६४ ब्लॉक होते. आता लाखांत मोजतात. झायलिंक्स स्वतः २०२२ मध्ये एएमडीच्या पोटात गेली, पण आमच्याकडे सगळे अजून "झायलिंक्सची चिप" असंच म्हणतात. चापेकर चौकाला कितीही पूल बांधले तरी चापेकर चौकच म्हणतात, तसं.

तर झालं असं की, एप्रिलमध्ये चाकणच्या प्लांटमधून तक्रार आली. कार्ड दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान चुकीचा डेटा देतंय. सकाळी ठीक. रात्रपाळीला ठीक. आमच्या ऑफिसात एसीमध्ये तर काय, तीन दिवस लावून ठेवलं, एक चूक नाही.

तुम्ही काय म्हणाल? उष्णता. मीही तेच म्हणालो.

या चिपमध्ये एक थर्मामीटर बसवलेलंच असतं. २००६ च्या व्हर्टेक्स-५ मध्ये सिस्टिम मॉनिटर नावानं ते आलं, आमच्या ७-सिरीजमध्ये त्याला एक्सएडीसी म्हणतात. १२ बिटांचा एक आकडा मिळतो. त्याला ५०३.९७५ नं गुणायचं, ४०९६ नं भागायचं, २७३.१५ वजा करायचे, की झालं तापमान. व्होल्टेजही त्यातूनच वाचता येतं. चाकणला भर दुपारी वाचलं तर तापमान ७१ आणि आतलं व्होल्टेज ०.९९. आमच्या चिपची हद्द ८५ डिग्री, आणि व्होल्टेज ०.९५ ते १.०५ च्या मध्ये असलं की चालतं. म्हणजे कागदावर सगळं उत्तम. रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंट चक्कर येऊन पडतोय.

मी विचार केला, थर्मामीटर एका जागी आहे, चिप दुसरीकडे तापत असणार. का तापत असणार? हीट सिंक नीट बसलं नसणार. हीट सिंक आणि चिपच्या मध्ये पेस्ट लावतात. एक कार्ड उघडून बघितलं तर पेस्ट एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. झालं. मिळाला चोर!

ही पेस्ट लावायचं काम चाकणला एक पोरगा करायचा. आयटीआय केलेला, ठेकेदाराकडून आलेला, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. कामाला चांगला. मी गेलो की "सर, चहा?" म्हणून विचारायचा. मी मेल टाकली, आठ जणांना सीसी करून. त्यात एक वाक्य होतं, "हीट सिंक बसवण्यात निष्काळजीपणा दिसतो." नाव नव्हतं घातलं. पण ते काम करणारा एकच माणूस होता, त्यामुळे नाव घालायची गरजच नव्हती.

त्या रविवारी जेवताना बाबांना सगळं सांगितलं. बाबा रिटायर्ड आहेत. तीस वर्षं भोसरी एमआयडीसीत हीट ट्रीटमेंट शॉपला. गिअर, शाफ्ट भट्टीत टाकायचे, नऊशे-सव्वानऊशे डिग्रीला कार्बन मुरवायचा, तेलात बुडवायचे, हार्डनेस बघायचा. हाताला अजून डाग आहेत. माझ्या कामातलं त्यांना काही कळत नाही असं मी आजवर धरून चाललो होतो.

त्यांनी ताटातून मान वर न करता विचारलं, "किती ठिकाणी मोजलंस?"

"एकाच. चिपमध्ये एकच सेन्सर असतो."

"मग कशावरून म्हणतोस दुसरीकडे गरम आहे?"

"अंदाज."

"भट्टीत एक थर्मोकपल लावून आम्ही सर्टिफिकेट दिलं असतं तर कस्टमरनं सगळा लॉट परत पाठवला असता," बाबा म्हणाले. "सर्व्हे करायचा म्हणजे नऊ लावायचे. आठ कोपऱ्यांना आठ, एक मधोमध. कंट्रोलरवर दिसतं ते कंट्रोलरच्या थर्मोकपलपाशी असतं. मागच्या कोपऱ्यात काय चाललंय ते त्याला काय माहीत?"

मग जरा थांबून त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी आजवर ऐकली नव्हती. नोकरी लागून दोनच वर्षं झाली होती. एका लॉटमधले काही गिअर मऊ निघाले. जॉब रचणारे बाबा. साहेबांनी ठरवलं की रचताना दाटीवाटी केली. बाबांना मेमो आणि तीन दिवस सस्पेन्शन. पुढच्या महिन्यात भट्टीचा सर्व्हे झाला तेव्हा कळलं, मागच्या बाजूचं एक हीटर एलिमेंट गेलेलं होतं. तो कोपराच थंड होता.

"मग मेमो परत घेतला?" मी विचारलं.

"एलिमेंट बदललं," बाबा म्हणाले आणि ताकाची वाटी पुढे ओढली.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिलं तर नाटकी होईल. झोप लागली. पण सोमवारी ऑफिसला जाताना पिंपरीहून मेट्रोत चढल्यापासून डोक्यात तेच. आणि खरं सांगू का, तेव्हाही मला वाटत नव्हतं की मी चुकलोय. उलट वाटलं, नऊ ठिकाणी मोजून दाखवतो, म्हणजे पेस्ट खराब होती हे सिद्धच होईल.

आता प्रश्न असा की चिपच्या पोटात नऊ थर्मामीटर घुसवायची कशी? हार्डवेअर तर एकदा तयार झालं ते झालं. इथे एफपीजीएची मजा आहे. स्वयंपाकघर रिकामं आहे ना, मग थर्मामीटर आपणच बांधायचं.

युक्ती जुनी आणि फार सोपी आहे. तिला रिंग ऑसिलेटर म्हणतात. नॉट गेट आठवतंय का? शून्य घातलं की एक, एक घातलं की शून्य. अशी विषम संख्येची गेटं एकामागे एक जोडायची आणि शेवटचं तोंड पहिल्याला जोडून द्यायचं. आता बिचाऱ्यांचं एकमत कधीच होत नाही. शून्य, एक, शून्य, एक असा गोल गोल भांडणाचा प्रवास सुरू. हे भांडण सेकंदाला किती फेऱ्या मारतं ते मोजायचं. चिप तापली की आमच्या चिपमध्ये गेटं सुस्तावतात, फेऱ्या कमी होतात. फेऱ्या मोजा, तापमान काढा. (फार लहान आणि फार कमी व्होल्टेजच्या चिपमध्ये कधीकधी उलटंही होतं, तापल्यावर वेग वाढतो. म्हणून दुसऱ्याचा फॉर्म्युला आपल्या चिपला लावायचा नाही.)

बांधायला सोपं म्हटलं खरं, पण टूल आधी नाहीच म्हणतं. अशी गोल जोडणी त्याच्या दृष्टीनं चूक असते. त्याला सांगावं लागतं की बाबा रे, मुद्दाम केलंय, राहू दे, आणि हुशारी करून काढूनही टाकू नकोस. चिप सपाट, म्हणून तीन बाय तीन अशा नऊ जागा मी हातानं ठरवल्या. बाबांच्या भट्टीत आठ कोपरे आणि मध, माझ्याकडे तीन ओळींत तीन. संख्या तीच आली याचा उगाच आनंद झाला. :-)

आणखी दोन भानगडी आहेत. एक म्हणजे सिलिकॉन सगळीकडे सारखं नसतं. एकाच नकाशाचे नऊ ऑसिलेटर नऊ वेगळ्या वेगानं फिरतात, सख्खी भावंडं असली तरी. म्हणून कार्ड चेंबरमध्ये ठेवून २५, ४०, ५५, ७० डिग्रीला प्रत्येकाच्या फेऱ्या लिहून घेतल्या आणि प्रत्येकाची वेगळी रेघ आखली. दुसरं म्हणजे ऑसिलेटर स्वतःच वीज खातो आणि तापतो. तापमान मोजायला गेलेला माणूसच खोली गरम करतोय! म्हणून तो सतत चालवायचा नाही. क्षणभर चालू, मोजणी, बंद.

हे सगळं करायला दोन आठवडे गेले. मग एका शनिवारी कार्ड घेऊन चाकणला. नाशिक फाट्यावरून निघालो, मोशीपर्यंत बरा गेलो, पुढे नेहमीप्रमाणे कंटेनरच्या मागे पाऊण तास. तळेगाव चौकात गाडी बंद करून बसलो होतो तेव्हा आठवलं, याच रस्त्यानं कॉलेजमध्ये असताना २८ फेब्रुवारीला खोडदला गेलो होतो, जीएमआरटी बघायला. चाकण, खेड, मंचर, नारायणगाव, आणि मग द्राक्षांच्या बागांमधून एकदम त्या ४५ मीटर व्यासाच्या डिश. एकूण ३०. त्यातल्या १४ मध्यभागी, बाकीच्या १६ इंग्रजी वायच्या तीन हातांवर दूर दूर पसरलेल्या. २०१९ मध्ये त्या दुर्बिणीचं अपग्रेड पूर्ण झालं, पूर्वी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा एका वेळी बघायची, आता ४०० पर्यंत. त्यासाठी जी डिजिटल यंत्रणा बसवली त्यात रोच नावाचे बोर्ड आहेत आणि त्या बोर्डांवर कोण? आपला व्हर्टेक्स-५! आणि त्या रोच बोर्डावर मुख्य चिपशिवाय आणखी एक छोटी चिप असते, जिचं काम म्हणजे तापमान, व्होल्टेज आणि पंख्यांवर लक्ष ठेवणं. म्हणजे चिपवर राखण ठेवायला दुसरी चिप. कॉलेजात असताना मला हे सगळं बघून फक्त "केवढी मोठी डिश" एवढंच सुचलं होतं. असो.

चाकणला दुपारी अडीच वाजता मोजणी सुरू केली. शेडमध्ये पंखे गरम हवा ढवळत होते. लांब खिडकी घेऊन, म्हणजे प्रत्येक ऑसिलेटर एक मिलिसेकंद चालवून, तापमानाचा नकाशा काढला. मी श्वास रोखून बसलेलो. आता एखादा कोपरा ९५ दाखवणार.

सगळ्यात गरम जागा ७४. सगळ्यात थंड ६९.

पाच डिग्रीचा फरक. बस. पेस्ट कशीही दिसत असो, चिपची उष्णता व्यवस्थित बाहेर जात होती. त्या पोराचं काम ठीक होतं. आणि कार्ड माझ्या डोळ्यांसमोर चुकीचा डेटा देत होतं.

मी तिथेच खुर्चीत बसून राहिलो. पहिला विचार काय आला माहितीये? "आता मेलचं काय?" बग काय आहे हा विचार दुसरा.

मग आठवलं की रिंग ऑसिलेटरची एक खोड असते जी आपण दोष म्हणून बाजूला ठेवतो. तो फक्त उष्णतेनं सुस्तावत नाही. व्होल्टेज घसरलं तरी सुस्तावतो, आणि जास्तच. म्हणजे तो एकाच वेळी थर्मामीटरही आहे आणि व्होल्टमीटरही, आणि नक्की काय सांगतोय ते आपण ओळखायचं. ओळखायचं कसं? वेळेवरून. उष्णता सावकाश चढते, सावकाश उतरते. व्होल्टेज एका क्षणात पडतं आणि सावरतं.

म्हणून खिडकी लहान केली. एक मिलिसेकंदाऐवजी फक्त दोन मायक्रोसेकंद. आणि मोजणी सुरू केली ती नेमकी ट्रिगर आल्यावर, म्हणजे सोळाच्या सोळा चॅनलची आकडेमोड जेव्हा सुरू होते तेव्हा.

खालचा डावा ऑसिलेटर. एरवी ५०० फेऱ्या. ट्रिगरनंतर ४७४. नंतर ४८१, ४९०, ४९७, आणि पुन्हा ५००.

माझ्या रेघेच्या हिशेबानं हे तापमान धरलं, तर चिप दोन मायक्रोसेकंदांत ऐंशी-पंच्याऐंशी डिग्रीनं तापली आणि लगेच थंड झाली असं झालं. ते काही शक्य नाही. व्होल्टेज पडत होतं. नऊच्या नऊ ठिकाणी पडत होतं, पण खालच्या डाव्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त, कारण गुणाकार करणारे बहुतेक ब्लॉक टूलनं तिथेच नेऊन बसवले होते. वरच्या उजव्या कोपऱ्यात जेमतेम ९-१० फेऱ्यांचा फरक.

हे व्होल्टेज का पडतं? तुम्ही चाळीत किंवा कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहिला असाल तर वेगळं सांगायला नको. शेजारी पाण्याची मोटर लावली की आपली ट्यूब एकदा डोळा मिचकावते. वायर तीच, ओढणारे अचानक वाढले. चिपमध्येही बारीक तारांची जाळी असते, तिच्यातून सगळ्यांना वीज जाते. माझ्या डिझाइनमध्ये ट्रिगर आला की सोळा चॅनल क्लॉकच्या एकाच ठोक्यावर कामाला लागायचे. एका क्षणी निवांत, पुढच्या क्षणी सोळा मोटरी चालू. बोर्डावरचा रेग्युलेटर जागा होऊन जास्त करंट द्यायला लागेपर्यंत काही मायक्रोसेकंद जातात, तेवढ्यात खळगा पडतो.

आणि एक्सएडीसीला हे का दिसलं नाही? कारण मी त्याला २५६ वाचनांची सरासरी घ्यायला सांगितलं होतं, आकडा स्थिर दिसावा म्हणून. सरासरी ०.९९. मधला खळगा सरासरीत बुडाला. शिवाय तो मोजतो एका जागी, खळगा होता दुसऱ्या जागी. नंतर बाहेर स्कोप लावला तेव्हा बोर्डावरही खळगा दिसला, पण निम्माच.

मग फक्त दुपारीच चुका का? कारण दोघं मिळून करत होते. सकाळी चिप थंड, गेटं चपळ, त्यामुळे खळग्यातही गणित वेळेत पूर्ण व्हायचं. दुपारी चिप गरम, गेटं आधीच जरा मंद, त्यात खळगा. मग एखादं उत्तर ठोक्याच्या आत पोचायचं नाही, आणि अर्धवट उत्तर पुढे जायचं. ७१ डिग्री एकटी निर्दोष होती. खळगाही एकटा निभावला असता. मी मात्र त्यातलं जे नजरेला दिसलं ते धरून बसलो.

घरी यायला रात्रीचे नऊ वाजले. बाबांना सांगितलं, पेस्ट ठीक होती. सगळे चॅनल एकदम सुरू होतात म्हणून वीज कमी पडते.

बाबा हसले. "मग गुरुवारची सुट्टी दे त्यांना."

पुण्यातल्या वाचकांना हे माहीत असेल, बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्या पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. माझं अख्खं बालपण या तक्रारीत गेलं की मित्रांचे बाबा रविवारी घरी आणि माझे गुरुवारी. क्रिकेटची मॅच रविवारी, बाबा फर्स्ट शिफ्टला. कधी कुणी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कारण हेच. राज्यातले सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि बाकी सहा दिवस एकदम चालू ठेवले तर विजेवर ताण येतो. म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार वाटून दिले. २००६ मध्ये विजेचा फार तुटवडा होता तेव्हा पुण्यात आणखी एक प्रयोग झाला होता. मोठ्या कारखान्यांनी ऐन गर्दीच्या तासांना स्वतःचे जनरेटर चालवायचे, ग्रिडवरची वीज शहराला सोडायची, आणि त्याचा वाढीव खर्च ग्राहकांनी बिलातून थोडा थोडा भरायचा. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. गावाला सुट्टीत गेलो की तासन्‌तास दिवे नसायचे आणि पिंपरीत असायचे, एवढंच आठवतं.

तर मी चॅनलना वार वाटून दिले. चार-चारचे चार गट, प्रत्येक गट आधीच्यापेक्षा पाच मायक्रोसेकंद उशिरा. बॅटरीला काही फरक पडत नाही, तिला पंधरा मायक्रोसेकंद कळतसुद्धा नाहीत. खालच्या डाव्या कोपऱ्यातला खळगा २६ फेऱ्यांवरून ९ वर आला. पुढच्या आठवड्यात तीन दिवस भर दुपारी चालवलं, एक चूक नाही. हार्डवेअरवाल्यांनी पुढच्या बोर्डात कपॅसिटरही वाढवायचे ठरवलेत. कोडमधला बदल जेमतेम वीस ओळींचा.

जाता जाता एक गंमत. शेजाऱ्याच्या मोटरमुळे आपली ट्यूब मिचकावते, म्हणजे ट्यूबकडे बघून शेजारी मोटर कधी लावतो हे कळतं, नाही का? २०१८ मध्ये संशोधकांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी नेमकं हेच चिपमध्ये करून दाखवलं. एकाच एफपीजीएवर दोन सर्किटं, एकमेकांशी काही संबंध नाही, पण एकानं असे व्होल्टेज मोजणारे सेन्सर बांधून दुसऱ्याची गुप्त किल्ली काढली. म्हणूनच ॲमेझॉनच्या क्लाउडवर एफपीजीए भाड्यानं घेतला तर असा गोल फिरणारा ऑसिलेटर असलेलं डिझाइन ते स्वीकारतच नाहीत. आणि चिप बनवणाऱ्यांनाही एका सेन्सरवर भागत नाही हे पटलंय. एएमडीच्या व्हर्सलमध्ये सिस्टिम मॉनिटरचे छोटे छोटे उपग्रह चिपभर पसरलेले असतात. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "उशिरा का होईना."

आता राहिली मेल.

बग सापडला त्या सोमवारी मी त्याच आठ जणांना दुसरी मेल टाकली. "हीट सिंकबद्दलचा माझा निष्कर्ष चुकीचा होता. असेंब्लीत दोष नव्हता. दोष माझ्या डिझाइनमध्ये होता." तीन वाक्यं लिहायला मला अर्धा तास लागला. नऊ ऑसिलेटरचा नकाशा जोडला. मॅनेजरचं उत्तर आलं, "गुड कॅच." बाकी कुणी काही लिहिलं नाही.

तो पोरगा तोवर गेला होता. महिनाअखेरीला ठेकेदारानं त्याला आमच्या लाइनवरून काढलं. माझ्या मेलमुळेच का? ठेकेदाराला विचारलं तर म्हणे, तशी मुदतच संपली होती. असेलही. सुपरवायझरकडून नंबर घेऊन मी फोन केला. तो आता महाळुंगेला दुसऱ्या एका कंपनीत लागला होता, मागे प्रेसचा दणदण आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, नऊ सेन्सर, व्होल्टेज, सगळं. तांत्रिक गोष्टी बोलायला सोप्या जातात म्हणून तेच जास्त बोललो. शेवटी म्हटलं, "माझं चुकलं. तुझं काम बरोबर होतं."

तो म्हणाला, "जाऊ द्या ना सर." मग जरा थांबून, "ती पेस्ट एका बाजूला जाड दिसते ना, ती हीट सिंक काढताना तशी होते सर. बसवताना सारखीच असते. मी तेव्हा सुपरवायझरला सांगितलं होतं."

मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मीही त्याला विचारलं नव्हतं. तो रोज माझ्यापासून दहा फुटांवर उभा असायचा.

परवा डिझाइन रिव्ह्यूत मॅनेजर म्हणाला, बग सुटलाय, आता ते नऊ ऑसिलेटर काढून टाक, जागा वाया जाते. मी म्हटलं, जागा अर्धा टक्कासुद्धा नाही, राहू द्या. जरा वाद झाला, पण राहिले. दर ट्रिगरला ते क्षणभर जागे होतात, नऊ आकडे लिहितात आणि झोपतात.

असो. खूप मोठं झालं. बाबा खाली कट्ट्यावर गेलेत, त्यांच्या हीट ट्रीटमेंटच्या जुन्या मित्रांची मैफल असते. तीस वर्षं यांनी भट्टीत काय काय बघितलं ते मी कधी धड विचारलंच नाही. आज संध्याकाळी चहाला बसवून विचारणार आहे. मेमोची गोष्ट ऐकायला मला एवढी वर्षं लागली, बाकीच्या गोष्टींना तरी तेवढी लागू नयेत.